पाहुण्यांचं पाणी

तात्या आंघोळ झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. याला ते ‘नेम’ म्हणायचे, त्यांचा मुलगा ‘पप्पांचं नाटक’ म्हणायचा आणि आम्ही बाकीचे निमूट वाट बघत बसायचो. भोसरीतल्या त्यांच्या शेडमध्ये पाळी संपवून माणसं चहाच्या टपरीकडे पळायची, तेव्हा तात्या मागच्या नळाखाली पंचा गुंडाळून बसलेले असत. डिसेंबरातसुद्धा. गंगा, यमुना, गोदावरी अशी नद्यांची नावं खणखणीत आवाजात घ्यायची, शेवटी आपल्या पदरची इंद्रायणी आणि भामा जोडायची, आणि मग कपडे चढवून फर्मान सोडायचं, “हां, आता आणा च्या.”

आफ्रिकेला जाताना मधल्या विमानतळावर उजाडलं. तात्यांनी हातातल्या बॅगेतून प्लॅस्टिकचा मग काढला आणि ते थेट स्वच्छतागृहात शिरले. बाहेर आले ते ओल्या केसांनी, कपाळाला गंध लावून. त्यांच्या मागोमाग सफाईवाला हातवारे करत आला. तात्या त्याला आपल्या कुरुळी गावच्या शुद्ध भाषेत म्हणाले, “आरं बाबा, पुसून घेतलंय समदं. रागवू नको.” तो माणूस खरंच रागवायचा थांबला. मी मात्र लाजेने पार दुसऱ्या रांगेत जाऊन बसले होते.

आमची ओळख भांडणातून झाली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तात्यांच्या शेडमधून आमच्याकडे पत्र्याचे ब्रॅकेट यायचे, आणि नोकरीला लागल्या लागल्या त्यांची एक आख्खी खेप मी नापास करून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी स्वारी गेटवर हजर. “कोन ती पोरगी? बोलवा तिला.” मी गेले. तात्या भांड भांड भांडले. आवाज असा, की सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. मग त्यांनी एक ब्रॅकेट उचलला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, आणि एकदम गप्प झाले. “वाकडा हाय. तुजं बराबर हाय, इंजिनेर,” म्हणाले आणि खेप गाडीत टाकून निघून गेले. त्या दिवसापासून माझं नाव इंजिनेर पडलं. आपली चूक दिसली की ती तिथल्या तिथे, भर रस्त्यात कबूल करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

कुरुळीची त्यांची जमीन कधीच कंपन्यांच्या कुंपणाआड गेली होती. बरोबरीच्या लोकांनी त्या पैशात गाड्या घेतल्या, लग्नांत घोड्याऐवजी हेलिकॉप्टर आणलं. तात्यांनी पत्रा कापायचं आणि वाकवायचं मशीन घेतलं. वर आमच्या भागातल्या एका सेवा मंडळाचं सभासदत्वही घेतलं. हे मंडळ दरवर्षी चार-पाच स्वयंसेवक परदेशात पाठवतं. कुठे शाळेच्या खोल्या बांधायच्या, कुठे दवाखान्याचं छप्पर घालायचं. बरेचजण सेवा करून येता येता सिंह बघून येतात, त्यात काही गुन्हा नाही. तात्या मात्र फक्त पाण्याच्या कामाला जायचे. दुसरं कुठलंही काम असलं की म्हणायचे, “ते तुमी करा.”

त्यामागचं कारण ते लपवत नसत. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तिसरीतून काढलं होतं. घरी नळ नव्हता, आई शेतात, मग नदीवरून पाणी आणणार कोण? “मी धाव्वीपत्तर शिकलो ते आक्काच्या डोक्यावरच्या हंड्यानं,” असं ते कुणालाही सांगायचे, अगदी व्हिसाच्या खिडकीतल्या माणसालाही. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने शिक्का मारला.

मी त्यांच्याबरोबर गेले ती केनियातल्या एका कोरड्या जिल्ह्यात. आमच्या घरी परवानगी मिळणं सोपं नव्हतं. लातूरहून भोसरीत येऊन इतकी वर्षं झाली तरी माझी आई मला एकटीला पुण्याला पाठवताना दहा प्रश्न विचारते. “तात्या हाईत म्हणून पाठवायलेय बघ,” एवढं म्हणून तिने बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबली. आम्ही एकूण पाचजण होतो. काम असं होतं, की गावच्या शाळेच्या पत्र्यावर पडणारं पावसाचं पाणी पन्हाळीतून एका मोठ्या सिमेंटच्या टाकीत साठवायचं, म्हणजे मुलांना वर्षभर प्यायला पुरेल. पन्हाळी आणि टाकीचा साचा ही तात्यांची बाजू. साचा म्हणजे गोलाईत वाकवलेले पत्रे. ते बोल्टांनी जोडले की माणसाच्या उंचीचं कडं तयार होतं आणि त्याच्यावर सिमेंट चढवायचं.

बाकीचे तिघे शाळेच्या खोलीत राहिले. तात्यांची आणि माझी सोय एका घरी झाली. घरात आई, मुली आणि कोंबड्या. नवरा दूर शहरात कामाला. त्या भागात बाईला तिच्या लेकराच्या नावाने ओळखतात आणि आईला ‘मामा’ म्हणतात, म्हणून ती ‘मामा म्वेंदे’. “बाई आसून मामा?” म्हणून तात्या पहिल्या दिवशी पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला ताई म्हणू लागले. म्वेंदे ही तिची थोरली मुलगी. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. उंच, बारीक, कमी बोलणारी. त्या वर्षाअखेरीच्या मोठ्या परीक्षेवर तिला पुढची शाळा मिळणार की नाही हे ठरणार होतं. हे सगळं आम्हाला शाळेचे मास्तर किओको यांनी सांगितलं. ते इंग्रजीत बोलायचे, मी तात्यांना मराठीत सांगायचे.

पहिल्या सकाळी तात्या उठून बाहेर आले तर घरामागच्या आडोशाला दोन बादल्या भरून ठेवलेल्या. कोमट. तात्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “पाव्हनचार आसावा तर आसा,” म्हणत ते आडोशात गेले आणि गंगेपासून भामेपर्यंत सगळ्या नद्या त्या कोरड्या माळावर घुमल्या. त्यांनी विचारलं नाही असं नाही. पाणी कुठून येतं, असं त्यांनी त्याच दिवशी मास्तरांमार्फत विचारलं. मामा म्वेंदेने हात लांब केला आणि ‘जवळच’ म्हणाली. आपल्याकडे खेड्यात कुणाला रस्ता विचारला की तो ‘हे काय, इथंच’ म्हणतो आणि आपण तासभर चालत राहतो. हे ‘जवळच’ तसलं होतं, हे कुरुळीच्या माणसाने ओळखायला हवं होतं. पण दोन भरलेल्या बादल्या समोर असताना कोण कशाला ओळखतो? तात्यांनी हिशेब लावला की अडचण शाळेला आहे, घरी ठीक आहे. मीही तसंच समजले. रोज सकाळी दोन बादल्या आमच्या अंगावरून जमिनीत जिरत राहिल्या.

काम मात्र जोरात सुरू झालं. तात्यांच्या लेखी टाकी ही एक ऑर्डर होती आणि पाऊस हे गिऱ्हाईक. “गिऱ्हाईक दारात यायच्या आदी माल तयार पायजे,” हे ते दिवसातून अनेकदा म्हणायचे. गावची पोरं हाताखाली होती. बांधकामाला लागणारं पाणी गाढवांवरून यायचं, तो गावाचा वाटा होता. तात्या सगळ्यांशी मराठीतच बोलायचे आणि नवल म्हणजे काम अडायचं नाही. थोड्याच दिवसांत ती पोरं एकमेकांना ‘धर’, ‘सोड’, ‘आस्ते’ म्हणू लागली. साच्याचं पहिलं कडं उभं राहिलं तेव्हा तात्यांनी त्याला बाहेरून चक्कर मारली, हाताने थोपटलं आणि म्हणाले, “चाकनला बी नापास व्हनार न्हाई. काय इंजिनेर?”

मला एक गोष्ट खटकत होती. मधल्या सुट्टीत मी शेवटच्या वर्गातल्या मुलींशी बोलायला जायचे. म्वेंदे कधी दिसायची नाही. संध्याकाळी घरी असायची, पण हातातल्या वहीवर डोकं टेकवून पेंगत असायची. शेवटी मी किओको मास्तरांना गाठलं. ते आधी टाकीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बुटांकडे. मग म्हणाले, “पाहुणे गेले की ती येईल.”

मला कळेना. मी पुन्हा विचारलं. मास्तर फार संकोचून बोलले. म्वेंदेच्या घरी गाढव नाही. नदी कोरडी पडली आहे, वाळूत खड्डे खणून झिरपेल तेवढं पाणी वाडग्याने भरून घ्यावं लागतं. एरवी एक खेप पुरते. आता घरात आंघोळ करणारे पाहुणे आहेत, म्हणून ती सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन खेपा करते. जाऊन येऊन शाळेची वेळ निघून जाते.

मी तशीच तात्यांकडे गेले. ते साच्याचा बोल्ट आवळत होते. मी सांगितलं. त्यांचा पाना थांबला.

“काय म्हनलीस?”

मी पुन्हा सांगितलं.

“आपल्या आंगुळीपायी?”

“हो.”

 “आन् मी...” एवढंच म्हणाले आणि पाना तिथेच टाकून चालू लागले. “नदी कुटं हाय? मास्तर, चला. आत्ता चला.” ते मुलीला आणायला निघाले होते. तिच्या पाठीवरचा कॅन स्वतः घ्यायचा आणि तिला शाळेत बसवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं, वाटेत त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं. पण वाट संपेना. काटेरी झुडपं, तांबडी माती, डोक्यावर ऊन, आणि ‘जवळच’ असलेली नदी काही येईना. तात्या मागे वळून माझ्याकडे बघत आणि पुन्हा भराभर चालत.

नदी दिसायच्या आधी बायकांचा ओरडा ऐकू आला.

मास्तर पळाले. आम्हीही पळालो. पात्रात वाळूच वाळू, आणि मधोमध बायका घोळका करून उभ्या. पाण्यासाठी खणलेल्या एका खड्ड्याची कड ढासळली होती. पाणी खाली खाली गेलं तसा तो खड्डा डोक्याच्या वर खोल गेलेला, आणि आत म्वेंदे होती. छातीपर्यंत वाळूत. एक हात वर, दुसरा दिसत नव्हता. तिचं तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता.

तात्यांनी उडीच घेतली असती. एका म्हाताऱ्या बाईने त्यांचा शर्ट मागून धरला आणि ती किंचाळली. मास्तरांनी सांगितलं, कडेवर पाय देऊ नका, कडेवर वजन पडलं की आणखी वाळू खाली जाते, अशीच माणसं गेली आहेत. बायकांनी पलीकडच्या अंगाने खणायला सुरुवात केली होती, पण दोन वाडगी काढावीत तर चार वाडग्यांची वाळू आत सरकत होती. म्हातारी सगळ्यांना मागे ढकलत होती. खाली वाळू म्वेंदेच्या खांद्याकडे चढत होती. मला अजूनही ती सुळसुळ ऐकू येते.

तात्यांनी एकदा खड्ड्याची गोलाई नजरेने मापली. मग वळून माझ्यावर ओरडले, “साचा! साचा खोल आन् घिऊन ये. पत्रं आन, फळ्या आन, पोरं आन. पळ!”

मास्तरांनी काठावरच्या एका मोटरसायकलवाल्याला हाका मारल्या. त्याच्या मागे बसून मी शाळेपर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी बोल्ट खोलत होते आणि पोरं एकमेकांना ‘धर’, ‘सोड’ म्हणत होती. भाड्याच्या पिकअपमध्ये पत्रे टाकले, नदीच्या काठाला गाडी रुतली, तिथून पुढे पोरांनी ते डोक्यावर घेतले आणि वाळूतून पळत नेले. आम्ही पोचलो तर तात्या कडेपासून जरा मागे पालथे पडून, नुसती मान पुढे काढून तिच्याशी बोलत होते. “बाळा, हिकडं बघ. माज्याकडं बघ. खाली न्हाई बघायचं. आलं बघ, पत्रं आलंच. शानी माजी बाय ती.” म्वेंदेला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण ती त्यांच्याकडेच बघत होती. डोळे काही केल्या हलवत नव्हती.

मग काम सुरू झालं, आणि तात्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका हळू आवाज मी त्यांच्या शेडमध्ये कधी ऐकला नव्हता. म्हातारी सांगत होती कुठे वाळू पोकळ आहे आणि कुठे धरेल. मास्तर ते मला सांगत, मी तात्यांना. कडेपासून दूर फळ्या टाकून त्यांच्यावर पालथं पडायचं, एक पत्रा म्वेंदेच्या पाठीमागून सरकवायचा, लाकडी हातोडीने टिचक्या मारल्यासारखा ठोकत खाली न्यायचा. मग त्याच्या शेजारी दुसरा. “आस्ते... आस्ते...” चौथा पत्रा जाताना पलीकडची कड पुन्हा सुटली आणि वाळू तिच्या हनुवटीला लागली. बायकांमधून जो आवाज उठला तो रडण्याचा होता. तात्यांनी हात थांबवला नाही. तो पत्रा आत गेला, कडं पुरं झालं, आणि बाहेरची वाळू बाहेर थांबली.

आतली वाळू बायकांनी वाडग्यांनी उपसली. ऊन उतरत चाललं होतं. खांदे मोकळे झाले, कंबर मोकळी झाली, आणि तिला वर ओढलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तात्या वाळूतच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडले. गावचे पुरुष त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, कौतुकाने. तात्या मान हलवत होते, नाही, नाही.

म्वेंदेला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिला तिथे मावशीजवळ ठेवून आई दुसऱ्या दिवशी उजाडता परतली. मी बाहेर आले तर तात्या आडोशापाशी उभे होते. समोर एक भरलेली बादली होती. कोमट.

पोटची पोर मरता मरता वाचलेल्या बाईने घरी येऊन पहिलं काम हे केलं होतं.

तात्यांनी बादली उचलली, आत नेली आणि पिण्याच्या पिंपात ओतली. मग चुलीपाशी बसून चहा मागितला. पारोसे. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच.  मास्तर आले तसे तात्या मला म्हणाले, “इचार तिला. आमाला सांगितलं का न्हाई?”

मामा म्वेंदेने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग जे बोलली ते मास्तरांनी मला सांगितलं आणि मी तात्यांना: माणसं समुद्र ओलांडून आमच्या लेकरांसाठी आली. त्यांना आंघोळीला पाणी नाही, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

तात्यांनी मान खाली घातली. “आमी बी न्हाई सांगितलं आसतं,” म्हणाले. आपल्याकडे पाहुणा आला की मागच्या दाराने शेजारून साखर आणतात आणि पाहुण्याला पुढच्या खोलीत बोलण्यात गुंतवून ठेवतात. तात्यांच्या घरी हे होत असणार, माझ्या घरी तर होतंच. आम्हालाच न ओळखू यावं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्यानंतर तात्या रोज पहाटे बायकांबरोबर नदीवर जाऊ लागले. तिकडच्या बायका पाण्याचा कॅन पाठीवर घेतात आणि त्याचा पट्टा कपाळावर अडकवतात. पुरुषाने तसं पाणी वाहणं ही तिथे हसायची गोष्ट. पहिल्या दिवशी बायका हसल्या. साठी उलटलेला, टक्कल पडलेला, परदेशी माणूस कपाळाला पट्टा लावून धापा टाकत चाललाय, हसतील नाही तर काय. दोन-तीन दिवसांनी हसू थांबलं. मानेला सूज आली, कपाळावर वळ उठला. मी म्हटलं, “तात्या, आता पुरे. हवं तर गाढव भाड्याने घेऊ.” ते म्हणाले, “आपन हाय तवर भाड्यानं गाडव घ्यायचंच. पन आदी माज्या मानंला कळू दे.”

इकडे साच्याचे पत्रे वाकडेतिकडे झाले होते. दिवसभर तात्या ते ठोकून पुन्हा गोलाईत आणत बसायचे. मंडळाच्या सेक्रेटरींचे फोन येऊ लागले, उद्घाटनाचे फोटो कधी येणार म्हणून. तात्या शांतपणे सांगायचे, “टाकी व्हईल तवा व्हईल.” आमची तिकिटं ठरलेली होती, आम्ही परतलो. तात्यांनी तिकीट पुढे ढकललं. भोसरीत त्यांचा मुलगा माझ्यावर संतापला, ऑर्डरी खोळंबल्या म्हणून, आणि त्याचंही बरोबर होतं. टाकी भरल्याचं पाहूनच तात्या आले. पण म्वेंदेचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाच परीक्षा होऊन गेली. तिला तोच वर्ग पुन्हा काढावा लागला.

हे तात्यांच्या मनातून गेलं नाही. “तिचं वरीस मी खाल्लं,” असं ते मधेच म्हणायचे, जेवताना, गाडी चालवताना. मी समजूत घालायचे, की तात्या, तुम्ही नसतात तर तिचा जीव गेला असता. ते माझ्याकडे असे बघायचे की माझंच बोलणं मला पोकळ वाटायचं. “मी नसतो, तर ती तवा शाळंत आसती.”

मंडळाने चिंचवडला सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मागे पडद्यावर टाकीचा फोटो. बोलायला उभं केल्यावर तात्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, “मी तितं एक पोरगी मारत आनली व्हती. तिच्या नशिबानं ती वाचली. टाकी चांगली झालीया.” आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. सेक्रेटरी नंतर कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “तात्या, असं बोलायचं नसतं हो. देणगीदार बसलेत.” तात्या म्हणाले, “त्यास्नीच सांगायचं व्हतं. पुढचा जाईल त्यानं पयलं इचारावं, माज्या वाटचं पानी कोन आनतंय.”

पुढच्या वर्षीच्या निकालाची त्यांनी जी वाट पाहिली, तशी स्वतःच्या मुलाच्या निकालाची पाहिली नसेल. किओको मास्तरांचा फोन मला शिफ्टमध्ये आला. म्वेंदे चांगल्या मार्कांनी पास झाली होती, तिला दूरच्या गावी हॉस्टेलसकट शाळा मिळाली होती. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी सुट्टी टाकली आणि स्कूटर थेट भोसरीला आणली. तात्या मशीनपाशी होते. मी ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. “बंद करा रे समदं!” शेड गप्प झाली आणि मी पुन्हा सांगितलं.

मला वाटलं आता पेढे येतील. तात्या हसले, खूप हसले, डोळे पुसले. आणि पुसता पुसताच थांबले.

“हाष्टेलात ऱ्हानार म्हंजे घरी न्हाई.”

“नाही.”

“मग घरचं पानी?”

 मी तिथूनच मास्तरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.  मास्तर म्हणाले, मुथेऊ आणते. मुथेऊ म्हणजे म्वेंदेची धाकटी बहीण. आम्ही गेलो होतो तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. शाळेत जाते ना, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, जाते, जमेल तेव्हा.

मी हे तात्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी ‘व्हय’ एवढंच म्हटलं. चालू ऑर्डरचा पत्रा मशीनवरून उतरवला, नवा चढवला, आणि खडूने गोलाई आखायला लागले. शाळेला टाकी झाली होती, आता घरांना हव्या होत्या. छोट्या, एकेका छपराला एक. मंडळ पाठवो न पाठवो, येत्या कोरड्या दिवसांत आपण जायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मुलगा या वेळी काही बोलला नाही. दोन साचे त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरे केले.

तिसरा वाकवत असताना शेडमध्येच छातीत कळ आली. दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा तात्या नव्हते.

मी कुरुळीला भेटायला गेले. बायकांमध्ये जाऊन काकींजवळ, त्यांच्या बायकोजवळ, बसले.  त्यांचे हात हातात घेतले आणि मलाच इतकं रडू आलं की त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. तात्यांनी मला पत्रा बघायला शिकवलं, माणूस बघायला शिकवलं, हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं. त्यातलं एकही वाक्य पुरं झालं नाही.

 मग काकींनी विचारलं, “त्या धाकल्या पोरीला आजून कायच केलं न्हाई ना कुनी?”

“नाही, काकी.”

“पत्रं शेडात तसंच पडल्यात?”

“हो. तिसरा अर्धा राहिलाय. मी करणार आहे पुरा. मीच घेऊन जाणार आहे.”

काकींनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“मग हितं कशाला बसलीस?”